क्ल्युनी आणि फोंतने: एकाच नियमातून उभे राहिलेले दोन मठ

तुमचा प्रश्न असा आहे: सप्टेंबरात मुलीकडे पॅरिसला जाणार आहात आणि त्यातले चार दिवस फ्रान्समधल्याच बर्गंडी प्रांतासाठी राखून ठेवलेत. यादीत क्ल्युनी आणि फोंतने ही दोन मध्ययुगीन मठांची नावं आहेत. वाचलंत त्यावरून दोन्ही संत बेनेडिक्टच्या नियमाने चालणारे, दोन्ही साधारण एकाच शतकातले. मग एकाचं वर्णन राजवाड्यासारखं आणि दुसऱ्यात नुसत्या उघड्या भिंती, असं का? आणि क्ल्युनीचं चर्च पाडून टाकलंय म्हणतात, तर तिथे जाण्यात काही अर्थ आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. जा, आणि क्ल्युनीलाच आधी जा. फोंतने आधी पाहिलंत तर ती एक सुंदर, शांत जागा वाटेल आणि तेवढंच वाटेल. क्ल्युनी पाहून गेलात तर फोंतनेची प्रत्येक भिंत कोणाला तरी उत्तर देत उभी आहे हे दिसेल.

मी तीसेक वर्षं दगड-चुन्याच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो आहे. मंदिरं, वाडे, वसई पट्ट्यातली काही चर्चेस. बर्गंडीत तीनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला मी कमानी आणि नक्षी बघत फिरलो आणि फारसं काही हाती लागलं नाही. दुसऱ्या खेपेआधी बेनेडिक्टचा नियम वाचून गेलो, आणि तेव्हा कुठे या इमारती उलगडल्या. म्हणून तुम्हालाही तिथूनच सुरुवात करायला सांगतो.

बेनेडिक्ट सहाव्या शतकातला, इटलीतल्या मोन्ते कासिनोचा. त्याच्या नियमाची ७३ प्रकरणं आहेत आणि त्यातली बरीचशी अगदी रोजच्या जगण्याची आहेत. सगळ्यांनी शक्यतो एकाच दालनात झोपावं, अंगावरच्या कपड्यांनिशी झोपावं, दिवा पहाटेपर्यंत तेवत ठेवावा. जेवताना कोणी बोलू नये, एकाने मोठ्याने वाचावं. आलेल्या पाहुण्यात ख्रिस्तच आला असं समजून त्याचं स्वागत करावं. पाणी, गिरणी, भाजीचा मळा हे सगळं शक्यतो आवारातच असावं, म्हणजे मठवासीयांना बाहेर हिंडावं लागणार नाही. आणि या सगळ्याच्या मधोमध प्रार्थनेच्या वेळा: रात्री एकदा आणि दिवसभरात सात वेळा. बायबलमधली १५० स्तोत्रं आठवडाभरात गाऊन पूर्ण झालीच पाहिजेत. उरलेला वेळ अंगमेहनत आणि वाचन यांत वाटलेला. आळस हा आत्म्याचा वैरी आहे, असं तो स्पष्ट सांगतो.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि या नियमावरून इमारत काढायला बसा. मध्यरात्री उठून, थंडीत, झोपेत चर्चमध्ये जायचं आहे. मग झोपायचं दालन चर्चला चिकटून वरच्या मजल्यावर हवं आणि तिथून थेट चर्चमध्ये उतरणारा जिना हवा. याला रात्रीचा जिना म्हणतात. जेवणाआधी हात धुवायचे, तर भोजनगृहाच्या दारासमोर पाण्याचं कुंड. जेवताना वाचायचं, तर भोजनगृहाच्या भिंतीत वाचकासाठी उंच कोनाडा आणि तिथे चढायला पायऱ्या. रोज सकाळी सगळ्यांनी जमून नियमाचं एक प्रकरण ऐकायचं, तर त्यासाठी एक सभादालन. त्याचं नावच पडलं चॅप्टर हाउस, म्हणजे प्रकरणाचं घर. हे सगळं जोडायला छपराखालची चौकोनी वाट. तीच क्लॉइस्टर. आपल्याला हे समजायला अजिबात अवघड जाऊ नये. मधे उघडा चौक आणि चारी बाजूंनी ओवऱ्या, मोठ्या वाड्यात किंवा देवळाच्या आवारात असतात तशा. फरक एवढाच, की आपण ओवरीत सावली शोधतो आणि ते ऊन शोधत. म्हणून हा चौक बहुधा चर्चच्या दक्षिणेला असतो. उत्तरेला काढला तर चर्चची उंच भिंत वर्षातले कितीतरी महिने त्याला अंधारात ठेवील. पाण्याचा उतार दुसऱ्या बाजूला असेल तर मात्र चौक मुकाट्याने उत्तरेला जातो, कारण पाण्यापुढे कोणाचं चालत नाही. पाणी आधी पिण्याला, मग स्वयंपाकघराला, मग गिरणीला आणि शेवटी शौचकूपांखालून बाहेर, हा क्रम सांभाळायला उतार जसा असेल तशीच इमारत बसवावी लागते.

हा आराखडा किती लवकर पक्का झाला होता, याचा एक कागदी पुरावा स्वित्झर्लंडमध्ये सेंट गॅलनच्या मठाच्या ग्रंथालयात आहे. इसवी सन ८२० ते ८३० च्या सुमारास रायखेनाउच्या मठातून सेंट गॅलनच्या मठाधिपतीला, गोझबर्टला, एक नकाशा पाठवला गेला. चर्मपत्राचे पाच तुकडे शिवून केलेला, साधारण ११२ बाय ७७ सेंटिमीटरचा. त्यात चाळीसेक इमारती आहेत: चर्च, क्लॉइस्टर, आजाऱ्यांची जागा, औषधी वनस्पतींचे वाफे, बेकरी, कोंबड्यांची खुराडी, कामकऱ्यांची घरं. तो नकाशा जसाच्या तसा कधी बांधला गेला नाही. बाराव्या शतकात कोणीतरी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर संत मार्टिनचं चरित्र उतरवून घेतलं आणि घडी घालून पुस्तकासारखा ठेवला, म्हणून तो वाचला. आमच्या धंद्यातल्या माणसाला त्यासमोर हात जोडावेसे वाटतात. बाराशे वर्षांपूर्वीचा प्लॅन, आणि खोल्यांचा क्रम असा की तो घेऊन फोंतनेत फिरलात तरी वाट चुकणार नाही.

तेव्हा नियम एक, आराखडाही एक. फरक पडला तो वेळेच्या वाटणीत. प्रार्थनेला किती तास आणि हातांच्या कामाला किती, या एका प्रश्नाची क्ल्युनीने आणि फोंतनेने वेगवेगळी उत्तरं दिली आणि दोन्ही उत्तरं दगडात उतरली. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

क्ल्युनीची स्थापना ९१० ची. आक्विटेनचा ड्यूक विल्यम याने जमीन दिली आणि देताना एक अट घातली: या मठावर माझा, माझ्या वारसांचा किंवा कोणा स्थानिक सत्ताधाऱ्याचा हक्क राहणार नाही, तो थेट संत पीटर आणि संत पॉल यांचा, म्हणजे पोपच्या संरक्षणाखाली. त्या काळात सरदार लोक मठ खासगी मालमत्तेसारखे वापरत, तेव्हा ही अट म्हणजे मोठं कवच होतं. त्या कवचात क्ल्युनी वाढलं. आणि प्रार्थना हे त्याचं मुख्य काम झालं. विशेषतः मेलेल्यांसाठी प्रार्थना. तुम्ही वसईत किंवा गोव्यात २ नोव्हेंबरला दफनभूमीत गेला असाल तर कबरींवर फुलं आणि मेणबत्त्यांच्या रांगा पाहिल्या असतील. मृतांसाठीचा तो दिवस क्ल्युनीचा मठाधिपती ओडिलो याने अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास आपल्या मठांमध्ये सुरू केला आणि तिथून तो सगळ्या कॅथलिक जगात पसरला. कोकणपट्टीवरच्या त्या मेणबत्त्यांचा उगम या बर्गंडीतल्या गावात आहे, हे मला समजलं तेव्हा मी बराच वेळ त्याचाच विचार करत होतो.

आता याचा इमारतीशी संबंध बघा. राजे, सरदार, जमीनदार आपल्या आई-बापांसाठी आणि स्वतःसाठी प्रार्थना व्हाव्यात म्हणून क्ल्युनीला देणग्या देऊ लागले. स्पेनमधला लेऑन-कास्तीलचा राजा सहावा आल्फोन्सो दरवर्षी सोनं पाठवत असे. देणगी आली की मृतांच्या यादीत नाव चढणार, त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे वेदीवरचा मुख्य उपासनाविधी, म्हटला जाणार. मिस्सासाठी वेदी लागते. मठवासीयांपैकी बरेच जण दीक्षित धर्मगुरू, प्रत्येकाने रोज मिस्सा म्हणायचा, म्हणजे वेद्या पुष्कळ लागणार, आणि वेद्या मांडायला चॅपेलं, म्हणजे चर्चच्या आतली छोटी उपासनेची दालनं, लागणार. चर्चच्या क्रॉसाकृती आराखड्यातले जे आडवे हात असतात त्यांना ट्रान्सेप्ट म्हणतात. क्ल्युनीच्या तिसऱ्या चर्चला अशा दोन जोड्या होत्या, त्याही चॅपेलांनी भरलेल्या. इतर चर्चना एक जोडी पुरते. नियमात आठवडाभरात १५० स्तोत्रं होती, ती क्ल्युनीत वाढत वाढत एका दिवसात शंभरावर गेली. दिवसातला बहुतेक वेळ चर्चमध्ये, उभं राहून गाण्यात. अशा माणसांचं चर्च कसं असेल? ते त्यांचं घर असेल, कामाची जागा असेल, सगळं काही असेल.

ते तिसरं चर्च १०८८ मध्ये मठाधिपती ह्यूने सुरू केलं. १०९५ मध्ये पोप दुसरा अर्बन स्वतः येऊन मुख्य वेदीचं पवित्रीकरण करून गेला. तो पूर्वी याच मठात होता. पूर्ण झाल्यावर पुढच्या दालनासकट लांबी १८७ मीटर. मधल्या दालनाची, म्हणजे नेव्हची उंची सुमारे ३० मीटर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दुहेरी वाटा. रोममध्ये सोळाव्या-सतराव्या शतकात संत पीटरचं नवं चर्च उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगात याहून मोठं चर्च नव्हतं.

आणि सगळं दगडी छताचं. इथे थोडं थांबून छताबद्दल बोलायला हवं, कारण या इमारतींचा निम्मा इतिहास छतात आहे. लाकडी छपराची चर्चेस वारंवार जळत. वीज पडे, मेणबत्ती कलंडे. शिवाय लाकडाखाली आवाज विरतो, दगडाखाली तो भरून राहतो, आणि ही माणसं तर दिवसभर गाणारी. म्हणून दगडी कमानछत हवं. पण कमानछत भिंतींना बाहेर ढकलतं. बांबूची कांब वाकवून दोन विटांच्या मधे धरा आणि वरून दाबा. विटा बाजूला सरकतील. आमच्याकडचे जुने गवंडी म्हणत, कमान कधी झोपत नाही. लांबच लांब नळीसारखं कमानछत तर भिंतीच्या प्रत्येक हातावर सतत रेटा देत राहतं. कार्ल्याच्या चैत्यगृहात उभं राहिल्यावर आपल्याला असंच गोल छत, खांबांच्या ओळी आणि बाजूच्या वाटा दिसतात आणि युरोपातल्या चर्चची आठवण होते. पण कार्ल्याचं छत डोंगर कोरून काढलेलं आहे, ते कोणाला ढकलत नाही. क्ल्युनीचं छत एकेक दगड सेंटरिंगवर, म्हणजे तात्पुरत्या लाकडी सांगाड्यावर, मांडून रचलेलं. त्या दोन्हींत दिसण्याचं साम्य आहे, जबाबदारीचं नाही.

क्ल्युनीच्या बांधकाम्यांनी टोकदार कमानी वापरल्या, कारण अर्धगोल कमानीपेक्षा टोकदार कमान बाहेर कमी ढकलते. (टोकदार कमान दिसली की गॉथिक, असं बरेच मार्गदर्शक सांगतात. ते सोडून द्या. क्ल्युनी आणि फोंतने दोन्हीकडे टोकदार कमानी आहेत आणि दोन्ही रोमनेस्क, म्हणजे गॉथिकच्या आधीच्या शैलीतले आहेत.) तरी ३० मीटर उंचीवर दगडी छत आणि त्याच्या लगेच खाली भिंतीत खिडक्या, हे धाडसच होतं. ११२५ मध्ये नेव्हच्या छताचा एक भाग कोसळला. त्यांनी तो पुन्हा बांधला आणि ११३० मध्ये चर्चचं पवित्रीकरण झालं. पडलेल्या छताखालून पुन्हा परांची उभी करणाऱ्या त्या गवंड्यांविषयी मला फार आदर वाटतो. जे छत एकदा पडताना पाहिलं, ते त्याच जागी पुन्हा मांडायला हात स्थिर लागतो.

क्ल्युनीच्या उरलेल्या कामातली एक गोष्ट चुकवू नका. मठाच्या तेराव्या शतकातल्या धान्यकोठारात चर्चच्या मुख्य वेदीमागच्या खांबांची आठ स्तंभशीर्षं ठेवली आहेत. त्यांतल्या काहींवर संगीताचे सूर मानवरूपात कोरलेले आहेत: कोणी तंतुवाद्य धरलंय, कोणी घंटा. मठातल्या गायनाच्या आठ स्वरप्रकारांची ती शिल्पं. दिवसभर गाणाऱ्या लोकांनी आपल्या वेदीभोवती गाणंच कोरून ठेवलं. डोक्यावर कोठाराचं लाकडी छप्पर आहे, ते उलट्या जहाजासारखं दिसतं. मान वर करून तेही बघा.

अशा वेळी १०९८ मध्ये मोलेमच्या मठातून रॉबर्ट आणि त्याचे काही सोबती बाहेर पडले आणि सितोच्या दलदलीत जाऊन राहिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: बेनेडिक्टने लिहिलं तेवढंच पाळू. स्तोत्रं नियमात आहेत तेवढी. राहिलेला वेळ हातांच्या कामाला. देणग्यांवर, दशमांशावर, दुसऱ्यांच्या श्रमांवर जगायचं नाही. सितोवरून त्यांना सिस्टर्शियन म्हणू लागले. सुरुवातीची वर्षं अतिशय हलाखीची गेली. मग १११३ च्या सुमारास बर्नार्ड नावाचा विशीतला तरुण आपले भाऊ, नातेवाईक, मित्र असे तीसएक जण घेऊन दाखल झाला आणि सगळंच बदललं. १११५ मध्ये त्याने क्लेअरव्होचा मठ काढला, १११८ मध्ये तिथून फोंतने निघालं.

याच बर्नार्डने ११२५ च्या सुमारास एका मित्र मठाधिपतीला लिहिलेलं एक प्रदीर्घ पत्र प्रसिद्ध आहे. चर्चची वाजवीपेक्षा जास्त उंची, लांबी, रुंदी यावर तो तुटून पडतो. दगडांना सोन्याने मढवता आणि गरिबांना उघडं ठेवता, असं विचारतो. मग क्लॉइस्टरमधल्या कोरीवकामाकडे वळतो: माकडं, सिंह, अर्धमानव, एका शरीराची अनेक डोकी, शिंग फुंकणारे शिकारी. ध्यान करायला बसलेल्या माणसासमोर हे कशासाठी? पुस्तकापेक्षा दगडच वाचत बसावंसं वाटेल, असं तो म्हणतो. हे वाचताना जाणवतं की या माणसाने ती शिल्पं अगदी निरखून पाहिली होती. त्याची त्यांच्यावर नजर खिळली होती, म्हणूनच तो घाबरला.

या पत्रातली एक बाब मात्र बहुतेक लोक विसरतात. बिशपांच्या चर्चची गोष्ट निराळी, असं तो स्वतःच म्हणतो; सामान्य लोकांची भक्ती जागवायला त्यांना चित्रांचा आधार घ्यावा लागतो. त्याची तक्रार मठवासीयांबद्दल आहे, ज्यांनी जग सोडलं आहे. म्हणून तुमच्या वाटेवर ओतँचं कॅथेड्रल येईल तेव्हा गोंधळू नका. कॅथेड्रल म्हणजे बिशपचं आसन असलेलं चर्च, मठ नव्हे. तिथे संत लाझरसच्या दर्शनाला यात्रेकरू येत, आणि दारावरच्या अर्धगोलात अंतिम न्यायाचा प्रचंड देखावा आहे, खाली अक्षरं कोरलेली: गिस्लेबर्टसने हे केलं. अठराव्या शतकात तिथल्याच लोकांना ते काम ओबडधोबड वाटलं, म्हणून १७६६ मध्ये त्यावर गिलावा थापला गेला. तो १८३७ मध्ये काढला. त्या गिलाव्याने फ्रेंच राज्यक्रांतीतल्या तोडफोडीपासून त्या शिल्पाला वाचवलं. व्हेझलेचंही तसंच: मठ असला तरी यात्रेचं ठिकाण. नवल म्हणजे ११४६ मध्ये दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक द्यायला बर्नार्ड व्हेझलेलाच उभा राहिला होता. तो नुसता चिंतनात रमणारा साधू नव्हता, हेही लक्षात असू द्या.

आणि क्ल्युनीचे लोक ऐषारामी होते, असंही मनात घेऊन जाऊ नका. बर्नार्डच्या तोडीचा माणूस तिथे मठाधिपती होता, पीटर. त्याला आदराने आदरणीय पीटर म्हणत. त्याने बर्नार्डच्या टीकेला सौम्यपणे, भावासारखं उत्तर दिलं. बर्नार्डने ज्याच्यामागे हात धुवून लागून ज्याला दोषी ठरवून घेतलं, त्या विद्वान आबेलारला शेवटच्या आजारपणात याच पीटरने आसरा दिला. पाहुण्यात ख्रिस्त पाहा, हे बेनेडिक्टचं वाक्य दोघांनीही वाचलं होतं. ते कोणी जास्त पाळलं, हे मी ठरवणार नाही, पण मला पीटर जवळचा वाटतो.

फोंतनेच्या चर्चचं काम ११३९ मध्ये सुरू झालं आणि ११४७ मध्ये पोप तिसरा युजीन याच्या हस्ते पवित्रीकरण झालं. हा पोप स्वतः सिस्टर्शियन, बर्नार्डचा शिष्य. आठ वर्षांत एवढं चर्च म्हणजे त्या काळात फार वेगाने झालेलं काम, आणि त्यामुळे ते सलग एकाच मनाचं वाटतं. पैसा इंग्लंडमधल्या नॉरिचच्या एव्हरार्ड नावाच्या बिशपचा. म्हणजे देणगी इथेही आहेच. निर्मळ आदर्शाला खर्च लागतोच.

आत शिरल्यावर आधी डोळे अंधाराला सरावू द्या. लांबी ६६ मीटर, उंची सतराच्या आत. घंटेचा बुरूज नाही. रंगीत काच नाही, खांबांवर साध्या पानांपलीकडे काही नाही. नेव्हच्या वरच्या भिंतीत खिडकीच नाही. का नाही, हे बाजूच्या वाटेत जाऊन वर बघितलंत की कळेल. मधलं छत पूर्व-पश्चिम धावणारी टोकदार नळी आहे. बाजूच्या वाटांवर छोट्या छोट्या नळ्या तिला काटकोनात बसवल्या आहेत. मोठं छत बाहेर ढकलतं आणि या आडव्या नळ्या त्याला खांदा देतात. धाडस नाही, उंची नाही, म्हणून ते पडलंही नाही. उजेड येतो तो दोन टोकांकडून: पश्चिमेच्या दर्शनी भिंतीतल्या सात खिडक्यांमधून आणि पूर्वेच्या सपाट भिंतीतल्या तीन-तीनच्या दोन ओळींमधून. पहाटेच्या प्रार्थनेला पूर्वेचा उजेड समोरून येणार आणि संध्याकाळी पाठीमागून. बर्नार्डला शिल्प नको होतं. उजेड हे शिल्पाचं काम करतो, हे ज्या कोणा बांधकाम्याला सुचलं त्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही.

ट्रान्सेप्टच्या उजव्या हाताला जिना दिसेल. तोच रात्रीचा जिना. वर झोपायचं लांब दालन आहे. आजचं लाकडी छप्पर आगीनंतर पंधराव्या शतकात घातलेलं. खाली क्लॉइस्टर, ३६ बाय ३८ मीटरचा. त्याच्या पूर्वेला सभादालन, आणि पुढे शेकोटीचं एकमेव ऊबदार दालन; स्वयंपाकघर सोडलं तर आग पेटवायची परवानगी तिथेच. बाराव्या शतकातल्या बर्गंडीच्या हिवाळ्यात ग्रंथांच्या नकला उतरवणाऱ्यांची शाई गोठत असे, बोटं आखडत. त्या दालनात दोन मिनिटं उभे राहा.

तुम्ही लिहिलंत की फोंतनेच्या उघड्या भिंतींचा साधेपणा तुम्हाला छायाचित्रांतही भावला. माझाही तोच अनुभव. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाराव्या शतकात या भिंती अशा उघड्या नसत. सिस्टर्शियन चर्चमध्येही आतून पातळ चुन्याचा हात दिलेला असे आणि त्यावर बहुधा रंगाच्या रेघांनी दगडांचे सांधे काढलेले असत, खालच्या खऱ्या सांध्यांशी न जुळणारे. क्ल्युनी, ओतँ, व्हेझलेची शिल्पं तर रंगवलेली होती. दगड उघडा तो अस्सल, ही कल्पना फार नंतरची, आणि तिने युरोपात आणि आपल्याकडेही कितीतरी इमारतींची कातडी सोलली आहे. कोकणपट्टीवरच्या एका जुन्या चर्चमध्ये मला बोलावलं तोवर आतला चुन्याचा गिलावा खरवडून काढून वर सिमेंट थापून झालं होतं. दोन पावसाळ्यांत भिंती घाम फुटल्यासारख्या ओल्या झाल्या, कारण चुना श्वास घेतो आणि सिमेंट आत आलेलं पाणी कोंडून ठेवतं. त्या गिलाव्याखाली जुन्या रंगाच्या रेघा होत्या, असं तिथल्या वयस्क सुताराने सांगितलं. त्या मला कधीच दिसणार नाहीत. तुमच्या गावात असं काम निघालं तर हात जोडून थांबवा, आधी एक हातभर जागा हळू हातांनी तपासून पाहू द्या.

बांधणारे कोण, हेही तुम्ही विचारलंत. सगळं मठवासीयांनी स्वतः बांधलं ही समजूत गोड आहे, पण खरे हात पगारी पाथरवटांचे आणि गवंड्यांचे होते. सिस्टर्शियनांकडे आणखी एक वर्ग होता, कॉन्व्हर्सी, म्हणजे व्रत घेतलेले पण मुख्यतः श्रमाचं काम करणारे बंधू. बहुतेक निरक्षर, शेतकरी घरांतले. त्यांचं झोपायचं-जेवायचं दालन क्लॉइस्टरच्या पश्चिमेला वेगळं, चर्चमधली जागाही मागची. समतेच्या व्रतात ही भिंत होती आणि ती नकाशात स्पष्ट दिसते. तिच्यावरून नजर फिरवून पुढे जाऊ नका. काम हिवाळ्यात थांबे. ताजा चुना गोठला तर मरतो, म्हणून अर्ध्या भिंतींच्या माथ्यावर गवत आणि शेणखत पसरून ठेवत. आपण पावसाळ्यात झाकतो, ते थंडीत झाकत.

यानंतरची गॉथिक कथा मोठी आहे, तिच्यात इथे शिरत नाही. एवढंच सांगतो, की तिची सुरुवात जिथून मोजतात ते पॅरिसजवळचं सां-दनी हेही तेव्हा बेनेडिक्टच्या मठाचंच चर्च होतं. मठाधिपती सुजेरने ११४० ते ११४४ मध्ये त्याचा पूर्वेकडचा भाग बांधला. छताचा रेटा भिंतभर न पसरवता दगडी बरगड्यांमधून ठरावीक खांबांवर उतरवला, म्हणजे मधली भिंत काचेला मोकळी झाली. पॅरिसमध्ये आहातच तर अर्धा दिवस तिथे द्या. फोंतने आणि सां-दनी यांच्या पवित्रीकरणात अवघी तीन वर्षं आहेत.

आता क्ल्युनीचं काय झालं ते. २ नोव्हेंबर १७८९ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या हवाली केली. तारीख पुन्हा वाचा. ओडिलोने मृतांसाठी ठरवलेला तोच दिवस. पुढच्या वर्षी मठ बंद झाले. १७९८ मध्ये क्ल्युनीचं चर्च विकलं गेलं आणि घेणाऱ्यांनी ते दगडांची खाण म्हणून वापरलं. नेव्हमधून रस्ता काढला. नेपोलियनच्या काळात १८०६ मध्ये आवारात सरकारी घोड्यांची पागा आली. १८२३ पर्यंत बहुतेक सगळं गेलं होतं. आज उभा आहे तो मोठ्या ट्रान्सेप्टचा दक्षिणेकडचा हात आणि त्यावरचा अष्टकोनी बुरूज, एकूण चर्चच्या दहाव्या भागाहूनही कमी. क्लेअरव्होचा तुरुंग झाला, आणि तो २०२३ पर्यंत तुरुंगच होता. फोंतनेची कागद गिरणी झाली. नंतर ती मोंगोल्फिए घराण्याकडे आली. गरम हवेचा फुगा उडवणारे तेच. गिरणीला छप्पर लागतं, पाट लागतो, म्हणून भिंती राहिल्या. १९०६ मध्ये एदुआर एनार यांनी ती जागा घेतली, गिरणीची बांधकामं पाडून पाच वर्षांत मठ मोकळा केला. १९८१ मध्ये तो जागतिक वारसा यादीत आला.

म्हणून क्ल्युनीत पोहोचलात की तिकीट काढून लगेच आत शिरू नका. पश्चिमेच्या टोकाला, जिथे दर्शनी बुरुजांचे नुसते पाये उरलेत, तिथे उभे राहा आणि दूरवरच्या त्या एकट्या बुरुजाकडे बघा. मग चालत जा. मधला सगळा मोकळेपणा म्हणजे चर्चचा आतला भाग आहे. बुरुजाखाली पोहोचल्यावर आत शिरून मान वर करा. हा नेव्ह नाही, फक्त एका बाजूचा हात आहे, आणि तरीही छत तीसेक मीटरवर.

दुसऱ्या दिवशी फोंतनेत चर्च, झोपायचं दालन, सभादालन पाहून झाल्यावर बरेच लोक फाटकाकडे वळतात. तुम्ही दक्षिणेला ओढ्याकडे जा. तिथे एक लांब दगडी इमारत आहे, जाड टेकूंची, आतून नीट कमानछताची. ती लोहारशाळा. वरच्या टेकडीतून लोखंडाचं खनिज काढायचं, ओढा वळवून आणलेल्या पाण्यावर चाक फिरवायचं, त्या चाकाने जड हातोडा उचलायचा. अशा हातोड्याची प्रतिकृती आता तिथे बसवली आहे. क्ल्युनीने जे तास गाण्याला दिले, ते इथे कुठे गेले याचा पत्ता या इमारतीत आहे. चर्च तुम्ही पावलांनी मोजलं असेल, ६६ मीटर. ही लोहारशाळाही मोजा. ५३ भरेल.